जकात शून्य, नाका कायम

गेल्या अंकात ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. ‘बाहेर पडायचा निर्णय एका दिवसाचा आणि त्यामागचं कारकुनी काम दहा वर्षांचं’, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या खेपेचं सदर सगळं त्यालाच दिलंय. माझी नोकरी न्हावाशेवाला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात शिपिंग बिलं भरण्यात गेली. आता लातुरात बसून सल्ले देतो. त्यामुळे उत्तरं कागदपत्रांच्या अंगाने जास्त येतील, अर्थशास्त्राच्या पुस्तकाच्या अंगाने कमी. चालवून घ्या.

काका, मी नांदेडला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मतदान २०१६ ला झालं आणि बाहेर पडायला २०२० उजाडलं. एवढा वेळ कशात गेला? आणि पंतप्रधान का बदलत राहिले?

तारखा लिहून घे, मग कारण सांगतो. २३ जून २०१६ ला सार्वमत झालं. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१ टक्के. डेव्हिड कॅमेरून यांनीच हे मतदान घेतलं होतं आणि त्यांना राहायचं होतं, म्हणून ते गेले. थेरेसा मे आल्या. २९ मार्च २०१७ ला त्यांनी युरोपीय संघाच्या कराराच्या कलम ५० खाली बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि दोन वर्षांची मुदत सुरू झाली. त्याच वर्षी मुदतीआधी निवडणूक घेऊन त्या होतं नव्हतं ते बहुमत घालवून बसल्या. १५ जानेवारी २०१९ ला त्यांचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ असा आपटला. पुढे आणखी दोनदा आपटला. जुलैत बोरिस जॉन्सन आले, डिसेंबरात ८० जागांचं बहुमत घेऊन आले, आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं. बाजारपेठेचे जुने नियम मात्र ३१ डिसेंबर २०२० पर्यंत चालू होते. व्यापार करार झाला २४ डिसेंबरला, म्हणजे मुदत संपायला आठवडा असताना!

आता कारण. मतपत्रिकेवर विचारलं होतं, राहायचं की सोडायचं. सोडून कुठं जायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. नॉर्वे संघात नाही, पण एकल बाजारपेठेत, म्हणजे बाजाराचे नियम एकच असलेल्या गटात, आहे. तुर्कस्तान बाजारपेठेत नाही, पण बहुतेक मालापुरतं युरोपच्या जकात संघात आहे, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्या मालाला सगळ्यांची जकात एकच. कॅनडा दोन्हीत नाही, फक्त करार करून बसलाय. बाहेर पडा म्हणणाऱ्या १ कोटी ७४ लाख लोकांपैकी कुणाच्या मनात नॉर्वे होता, कुणाच्या कॅनडा, आणि बऱ्याच जणांच्या मनात फक्त लंडनच्या पुढाऱ्यांवरचा राग होता. साडेतीन वर्षं संसद हेच भांडत राहिली.

पुढचे बदल मात्र सगळे ब्रेक्झिटच्या खात्यावर टाकू नकोस. लिझ ट्रस ४९ दिवसांत गेल्या त्या स्वतःच्या अर्थसंकल्पामुळे. २०१६ ते २०२४ मध्ये सहा पंतप्रधान झाले हे खरं. पेपरात लिहिताना कोण कशामुळे गेलं ते वेगळं लिही, मार्क तिथंच मिळतात.

मी धाराशिवचा निवृत्त शिक्षक. सगळं कळलं, पण उत्तर आयर्लंडचं गौडबंगाल काही कळत नाही. एवढ्याशा तुकड्यासाठी अख्खा देश का अडला?

गुरुजी, हा प्रश्न तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. अशी सरहद्द तुमच्या अंगणातूनच जात होती. धाराशिव निजामाचं, बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यातली. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. संस्थानात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर साधारण ५ टक्के जकात. माझे वडील येडशीकडचे. बार्शीच्या बाजाराहून येताना नाक्यावर बैलगाडी सोडून बसावं लागे, हे ते नेहमी सांगायचे. कापडाची घडी मोडून बघणार, बोचकी सोडून बघणार. पैसे द्यायचे दुःख कमी, दिवस मोडल्याचं जास्त. त्यात पुन्हा इकडं निजामाचा रुपया हाली शिक्का, तिकडं इंग्रजांचा कलदार. शंभर कलदार हवे तर एकशे सोळा-सतरा हाली मोजा.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. १९४७-४८ मध्ये सरहद्दीवरच्या कॅम्पांतून निजामाविरुद्ध लढा चालला तेव्हा हल्ले कशावर झाले? करोडगिरी नाक्यांवर. नाका म्हणजे नुसती वसुलीची चौकी नव्हती. इथं निजामाचं राज्य आहे, असं सांगणारी ती उभी खूण होती. आयर्लंडमध्ये हुबेहूब हेच. १९२१ साली बेटाचे दोन भाग झाले, उत्तर भाग ब्रिटनकडे राहिला. त्या सरहद्दीवरच्या जकात चौक्यांवर सशस्त्र गटांनी पुन्हा पुन्हा हल्ले केले. पुढे तीस वर्षं रक्तपात झाला, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. १९९८ च्या गुड फ्रायडे या शांतता कराराने तो थांबला. दोन्ही देश युरोपीय संघात असल्यामुळे मालाची तपासणी आधीच उठली होती, करारानंतर लष्कराच्या चौक्याही गेल्या. सुमारे ५०० किलोमीटरची सरहद्द, दोनशेच्या वर रस्ते. आज गाडी चालवताना वेगाच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर गेल्या, की समजायचं आपण हद्द ओलांडली.

आणि आता ब्रिटन म्हणालं, आम्ही जकात संघातून बाहेर. मग आयर्लंड आत, उत्तर आयर्लंड बाहेर. माल तपासायचा कुठं? जमिनीवर नाका बसवला तर जुनी जखम उघडी पडते. बसवला नाही तर युरोपच्या बाजारात कुठलाही माल मागच्या दाराने शिरणार. मे बाईंनी सुचवलं की सगळं ब्रिटनच तूर्त जकात संघात ठेवू. त्यांच्याच पक्षाने तो करार पाडला. जॉन्सन यांनी नाका उचलून समुद्रात नेला. म्हणजे इंग्लंडहून बेलफास्टला जाणाऱ्या मालाचे कागद तपासायचे, एकाच देशातल्या दोन बंदरांमधे! तिथले ब्रिटननिष्ठ भडकले. त्यांच्या मोठ्या पक्षाने प्रादेशिक सरकारवर दोन वर्षं बहिष्कार टाकला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी युरोपशी नवा करार केला, विंडसर आराखडा. उत्तर आयर्लंडातच खपणाऱ्या मालाला हिरवी मार्गिका, पुढे आयर्लंडात जाऊ शकेल अशा मालाला लाल. नाका हलका झाला. गेला नाही.

आपल्याकडचा नाका कसा गेला? सप्टेंबर १९४८ नंतर संस्थानच भारतात आलं, आणि काही वर्षांत नाकेही गेले. दोन वेगळ्या बाजारपेठा एक झाल्याशिवाय नाका जात नाही. ब्रिटनने एकाच्या दोन केल्या.

तुळजापूर तालुक्यात माझी पाच एकर द्राक्षं आहेत. एक्स्पोर्टवाल्याचा माणूस म्हणतो, ब्रेक्झिटमुळे भाव पडले. खरं काय?

त्याला विचारा, कुठल्या वर्षी आणि किती. भाव पडायला नाशिकचा माल एकदम येणं, दक्षिण आफ्रिका आणि चिलीचा माल बाजारात असणं, जहाजाचं भाडं, अशी बरीच कारणं असतात. ‘ब्रेक्झिट’ हा शब्द त्याला आयता सापडलाय.

पण कागदाच्या बाजूने फरक पडला, तो समजून घ्या. पूर्वी कंटेनर रॉटरडॅमला उतरला, तिथं कर भरला, की तोच माल ट्रकने हॉलंडमध्ये विका, जर्मनीत विका नाहीतर खाडी ओलांडून इंग्लंडात विका, पुन्हा कुणी विचारत नव्हतं. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड वेगळं दुकान झालं. युरोप-ब्रिटन करारात जकात शून्य आहे, पण ती युरोपात पिकलेल्या मालाला. तुमची द्राक्षं रॉटरडॅमला कर भरून युरोपच्या बाजारात आली म्हणून डच होत नाहीत, ती तुळजापूरचीच राहतात. म्हणून तिथून इंग्लंडला पाठवली तर लागू असेल तो कर पुन्हा. याला आमच्या धंद्यात रूल्स ऑफ ओरिजिन म्हणतात, आणि करारातला सगळ्यात महागडा भाग हाच. ज्यांनी इंग्लंडचा माल थेट इंग्लंडच्या बंदरावर बुक केला ते सुटले. ज्यांनी जुनी सवय सोडली नाही, त्यांचा माल कोल्ड स्टोअरमध्ये कागदांची वाट बघत राहिला.

दुसरा फरक औषधांच्या अंशाचा. ब्रिटनने बाहेर पडताना युरोपची रेसिड्यूची यादी जशीच्या तशी आपल्या कायद्यात उतरवून घेतली, पण त्यानंतर दोघं आपापल्या यादीत स्वतंत्र बदल करतात. एक औषध एकीकडे चालेल, दुसरीकडे अडेल. लॅबचा रिपोर्ट आला की एक्स्पोर्टवाल्याला दोन्ही याद्यांशी ताडून दाखवायला सांगा. भाव का पडला यापेक्षा हा प्रश्न त्याला विचारा, तो जरा गप्प बसेल.

आंब्याचं उदाहरण देतो. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणारा आंबा बंद केला. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूसुद्धा. कारण फळमाशी. भारतीय आंबा खाणारी मोठी गिऱ्हाइकी होती इंग्लंडात, तिथले खासदार ओरडले, पण निर्णय ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाचा होता, एकट्या ब्रिटनला तो फिरवता येईना. आंब्यावरची बंदी उठली २०१५ च्या सुरुवातीला. ब्रेक्झिटवाले म्हणत होते, ‘आमचे नियम आम्ही करू’, त्यात तथ्य नव्हतं असं नाही. आता ब्रिटन आपला निर्णय आपण घेतं. फक्त मे २०२५ मध्ये त्यांनीच युरोपशी ठरवलं, की खाद्यपदार्थ आणि वनस्पतींच्या तपासणीचे नियम पुन्हा युरोपच्या बरोबर ठेवायचा करार करू. नियम युरोप बदलेल तसे बदलायचे, आणि बदलताना ब्रिटनला मत नाही. बाहेर पडून हे कमावलं.

माझा मुलगा लंडनला आहे. तो म्हणतो काहीच बिघडलेलं नाही. टीव्हीवर सांगतात ब्रिटन बुडालं. कुणावर विश्वास ठेवू? (परळी)

मुलावर अर्धा, टीव्हीवर त्याहून कमी. मतमोजणीच्या रात्री पौंड १.५० डॉलरवरून १.३२ च्या आसपास आला, १९८५ नंतरचा नीचांक. ते डोळ्यांना दिसलं. पुढचं दिसत नाही. सरकारी अर्थसंकल्पावर स्वतंत्र नजर ठेवणारं तिथलं ओबीआर हे कार्यालय असं धरून चालतं, की युरोपात राहिले असते त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्के कमी राहील. ४ टक्क्यांनी कुणी बुडत नाही. पण दरवर्षी सरकारच्या तिजोरीत तेवढं कमी येतं, आणि दवाखान्याच्या रांगेत ते निघतं. त्यात २०२० मध्ये कोरोनाही आला, त्यामुळे कुठलं नुकसान कुणाचं यावर वाद चालूच राहणार.

सगळ्यात जास्त फटका कुणाला, तर छोट्याला. मोठ्या कंपनीने कागदांसाठी चार माणसं ठेवली. मच्छीमारांचंच बघा. ‘आमचा समुद्र आम्हाला’ म्हणत बाहेर पडायला सगळ्यात उत्साही ते. पण पकडलेल्या मालाचं मोठं गिऱ्हाईक युरोप. जानेवारी २०२१ मध्ये फायटोसारखेच (फायटो म्हणजे शेतमालाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) आरोग्याचे दाखले पुरे होईनात, ताजा माल वाटेत अडकू लागला. स्कॉटलंडच्या मासळीवाल्यांनी ट्रक थेट लंडनला संसदेजवळ आणून उभे केले. जकात शून्य होती बरं का!

लातूरला माझी आडत आहे. भारतही २०१९ मध्ये आरसीईपीतून बाहेर पडला. तेही आपलं ब्रेक्झिटच नव्हे का? आणि सोयाबीन का मार खातंय?

शेठ, आरसीईपी म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचा मोठा व्यापार करार. त्यातून आपण बाहेर पडलो नाही, आत शिरलोच नाही. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये आपण नाही म्हटलं. वर्षभराने उरलेल्या १५ देशांनी सह्या केल्या. लग्न न करणं आणि काडीमोड घेणं यांत जेवढा फरक, तेवढा हा. न्यूझीलंडच्या दूध भुकटीची भीती आणि चीनच्या मालाची भीती, दोन्ही खऱ्या होत्या. गावोगावच्या दूध उत्पादकांनी तेव्हा विरोध केला तो उगाच नव्हता. त्याची किंमतही आहे: आशियातल्या कारखान्यांची साखळी जोडणाऱ्या या मोठ्या करारात आपण नाही.

सोयाबीनचा मात्र त्याच्याशी संबंध नाही. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून. त्यावरची जकात दिल्ली ठरवते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर मूळ आयात शुल्क २० टक्के केलं, मे २०२५ च्या शेवटी १० वर आणलं. दुसरीकडे इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारं डीडीजीएस, म्हणजे धान्याचा वाळवलेला चोथा, स्वस्तात पशुखाद्यात जाऊ लागलं आणि सोयापेंडीचा भाव दबला. हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ होता, तुमच्याच काट्यावर शेतकऱ्याला त्याखाली विकावं लागलं, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुरीचंही तेच: म्यानमार आणि मोझांबिकची तूर शुल्काशिवाय येते, लातूरच्या डाळ मिलवाल्याला ती हवी असते, औशाच्या शेतकऱ्याला नको असते. हे भांडण कुठल्या गटात जायचं याचं नाही, आपल्याच घरातलं आहे. निदान ब्रिटनवाले ब्रसेल्सकडे बोट दाखवायचे. आपल्याला तीही सोय नाही.

मुलीला इंग्लंडला एमएस्सीला पाठवतोय. युरोपवाल्यांना येणं बंद झाल्यामुळे आपल्या मुलांना आता संधी आहे म्हणतात. एजंट फार घाई करूलालाय. (उदगीर)

एजंटला घाई असते कारण त्याचं कमिशन विद्यापीठाकडून येतं. संधी होती, ते खरं. १ जानेवारी २०२१ पासून युरोपच्या माणसालाही व्हिसा लागू झाला आणि गुणांच्या पद्धतीत भारतीय त्याच्या बरोबरीला आले. पदवीनंतर दोन वर्षं थांबून काम करायची मुभा जुलै २०२१ पासून मिळाली. आपली मुलं, नर्स, वृद्धांची सेवा करणारी माणसं मोठ्या संख्येने गेली. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात स्थलांतराचा निव्वळ आकडा ९ लाखांवर गेला. गंमत बघा, लोकांनी मत दिलं होतं येणारे कमी व्हावेत म्हणून!

मग दार ओढायला सुरुवात झाली. जानेवारी २०२४ पासून बहुतेक मास्टर्सवाल्यांना नवरा-बायको, मुलं नेता येत नाहीत. परदेशातून नव्याने केअर वर्कर घेणं जुलै २०२५ मध्ये बंद झालं. आणि जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती दोन वर्षांची मुभा दीड वर्षाची होणार. मुलगी वर्षभराचा कोर्स कधी संपवेल, ते आधी कॅलेंडरवर मांडा. फीशिवाय आरोग्य अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आहे, व्हिसाच्या अर्जासोबत एकरकमी भरावा लागतो, तो एजंट शेवटी सांगतो. जमीन गहाण टाकून पाठवत असाल तर थांबा. पगार लागेल या हिशेबावर कर्ज काढू नका.

भारत-ब्रिटन करार झाला. जालन्याला काय मिळणार?

ब्रिटन युरोपात असतं तर असा स्वतंत्र करार त्याला करताच आला नसता, ही ब्रेक्झिटची जमेची बाजू मोजायला हरकत नाही. जॉन्सन यांनी २०२२ च्या दिवाळीचा मुहूर्त सांगितला होता, सह्या झाल्या २४ जुलै २०२५ ला. आपल्या तयार कपड्यांवर तिथं १२ टक्क्यांपर्यंत शुल्क होतं, बांगलादेशला शून्य. करारात ते आपल्यालाही शून्य. पण फायदा होईल तो शिवणाऱ्याला, म्हणजे तिरुपूरला. जालन्यातून कापसाच्या गाठी जातात. गाठ बांधणाऱ्याच्या वाट्याला काय येईल, हे इथं शिलाईचे कारखाने उभे राहतात का यावर आहे. स्कॉच व्हिस्कीवरचं शुल्क १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्के होणार. त्याबद्दल जालन्याहूनच तीन स्वतंत्र पत्रं आली आहेत, उत्तर त्यांना खासगीत देईन.

बीड जिल्ह्यात केसर आंब्याची दीडशे झाडं आहेत. लंडनला पाठवायचाय. सुरुवात कुठून करू?

दीडशे झाडांच्या मालावर स्वतः निर्यातदार होऊ नका, निदान पहिल्या हंगामात. आसपासचे आठ-दहा बागायतदार एकत्र या, शेतकरी कंपनी असेल तर उत्तम. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, ऑनलाइन ५०० रुपयांत निघतो, त्यासाठी कुणाला पाच हजार देऊ नका. अपेडाची (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) नोंदणी करा आणि कृषी खात्याकडून बागेची निर्यात नोंदणी आधी करून घ्या, तोडणीच्या आठवड्यात ती होत नाही. पणन मंडळाचं केसर आंब्याचं निर्यात सुविधा केंद्र जालन्याला आहे, तिथं हंगामाआधी जाऊन प्रत्यक्ष बघा. कुठली प्रक्रिया करायची आणि फायटोवर काय मजकूर लागतो, हे ब्रिटनसाठी वेगळं विचारा, युरोपसाठी वेगळं. व्यवहार शक्यतो एमजीवर करा, म्हणजे किमान भाव आधी लेखी. ‘माल पोहोचल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला पहिल्या वर्षी पाव मालाच्या वर देऊ नका, आणि त्या पाव मालाचेही विमानभाड्याचे पैसे त्याच्याकडूनच आधी घ्या.